चुलीचा धूर, घरातील हवा आणि स्थानिक नियमन : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

वार्षिक अहवाल सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांच्या आप्तेष्टांच्या हाती देताना, जमाखर्च व रुग्णसंख्येच्या तक्त्यांसोबत आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचा सविस्तर परामर्श घ्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे, किंवा एका पिढीपूर्वी होता. तो म्हणजे चूल. चुलीच्या धुराने छातीचे विकार होतात, हे आता नव्याने सांगावे लागत नाही. त्यापुढील प्रश्न आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो. हा धूर आवरण्याची जबाबदारी कोणाची? ती कायद्याने पार पडेल काय, आणि पडणार असेल तर तो कायदा कोणी करावा : दिल्लीने, मुंबईने की गावाने?

बाह्यरुग्ण विभागातील अनुभव

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्ण स्त्रिया वाढत्या संख्येने येऊ लागतात. वय पन्नास ते सत्तरच्या दरम्यान. जिंतूर, पालम, गंगाखेड, सोनपेठ या बाजूंची खेडी. सकाळी खोकल्याची उबळ येते, चार पावले चालले की दम लागतो, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसावे लागते. सोबतच्या मुलाच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो आणि त्यांतील बहुतेकींवर ‘दमा’ एवढाच शब्द असतो. एखादीने क्षयाची औषधेही घेऊन पाहिलेली असतात. विडी-सिगारेटला तिने आयुष्यात हात लावलेला नसतो.

अशा रुग्णाची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची तपासणी, केली की चित्र स्पष्ट होते. पूर्ण श्वास घेऊन तो जोराने सोडला असता जेवढी हवा बाहेर पडते, तिच्या ७० टक्के हवा तरी निरोगी माणसाच्या छातीतून पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. या स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण त्याहून खाली असते आणि श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही ते पूर्ववत होत नाही. दम्यातील अडथळा बव्हंशी परत फिरतो. हा फिरत नाही. वैद्यकीय परिभाषेत यास सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गाचा दीर्घकालीन अवरोध, म्हणतात. दोन्ही विकारांची औषधे काही अंशी सारखी असली, तरी रुग्णाच्या घरच्यांना जे सांगावयाचे ते अगदी वेगळे असते. दम्याच्या रुग्णाला धूळ-धुरापासून जपण्यास सांगून भागते. येथे धूर हेच मूळ कारण असते.

सीओपीडी हा धूम्रपान करणाऱ्यांचा आजार, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने तिला मोठा धक्का दिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी असताना लाकूड, शेणी आणि काडीकचरा यांच्या धुरात श्वास घेणारे सुमारे ३०० कोटी होते. तेव्हा जागतिक पातळीवर या आजाराचे सर्वांत मोठे कारण चूलच असू शकेल, असे त्यांनी मांडले.

आमच्या केसपेपरवर आता ‘व्यसन’ या रकान्याखाली आणखी एक प्रश्न विचारला जातो : चुलीपुढे दिवसाकाठी किती तास, आणि किती वर्षे? सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न होऊन आलेली आणि रोज चार तास चुलीपुढे बसलेली स्त्री साठीला येईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे तो धूर घेते. चाळीसच वर्षे धरली तरी अठ्ठावन्न हजार तासांहून अधिक भरतात. चुलीच्या धुराची तुलना तासाला अमुक इतक्या सिगारेटींशी करण्याची पद्धत भाषणांमधून रूढ आहे. आम्ही ती शक्यतो टाळतो. सिगारेट हे व्यसन आहे. भाकरी थापणे हे व्यसन नव्हे, आणि रुग्ण स्त्रीला तिने काही गैर केले असे वाटता कामा नये.

धुरातील सूक्ष्म कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. नाकातील केस आणि घशातील श्लेष्मा त्यांना अडवू शकत नाहीत. त्यांच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड इत्यादी वायू असतात. स्त्रियांमधील सीओपीडी, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू आणि हृदयविकार यांच्याशी या धुराचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने घरात जाळलेल्या दगडी कोळशाच्या धुराला निश्चित, तर लाकूडफाट्याच्या धुराला संभाव्य कर्ककारक मानले आहे. २०१९ या एका वर्षात भारतात घरातील धुरामुळे सुमारे ६ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. हा अंदाज गणिती प्रारूपावर आधारलेला आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ‘चूल’ असे कारण कोठेही लिहिले जात नाही.

आपल्या जिल्ह्यातील जळतण

परभणी हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा जिल्हा. येथे दाट जंगल नाही, त्यामुळे येथील चुलीत जळते ते मुख्यतः शेतातलेच. कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटे, शेणाच्या गोवऱ्या, आणि बांधावरची किंवा गायरानातली वेडी बाभूळ. पश्चिमेकडील देशांत ‘लाकडाची शेगडी’ म्हटले की ओंडके, लोखंडी भट्टी आणि धुराडे डोळ्यांपुढे येते. आपल्याकडील इंधन हलके, काटक्यांचे, पटकन पेटणारे आणि सतत पुढे सारावे लागणारे. म्हणून बाईला चुलीपासून दूर होता येत नाही. ती भाकरी थापते, दुसऱ्या हाताने जळण सारते आणि फुंकणीने फुंकते. आग मंदावली की धूर सर्वाधिक होतो, आणि नेमकी त्याच वेळी ती तोंड चुलीजवळ नेते.

जुन्या माळवदी घरांमध्ये छताला साणे असे. त्यातून उजेड येई आणि धूरही काही अंशी बाहेर जाई. पत्र्याची किंवा स्लॅबची घरे झाली तशी ती सोयही गेली. घरबांधणीत सुधारणा झाली, परंतु स्वयंपाकघरातील हवा तिने बिघडवली. घरकुलाच्या आराखड्यात स्वयंपाकाची जागा ठरवताना धुराचा विचार करावयास हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पऱ्हाटीबाबत एक विशेष गोष्ट नमूद करावीशी वाटते. २०१७ साली मराठवाड्यात व विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे अतोनात नुकसान केले. तेव्हापासून कृषी विभाग आणि कृषी शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना वारंवार सांगत आले आहेत की हंगाम संपताच पऱ्हाटी उपटावी, तिचे ढीग बांधावर किंवा गावालगत साठवू नयेत. कारण अळीचे कोष त्यात टिकून राहतात व पुढील हंगामात पुन्हा उद्भवतात. म्हणजे ज्या ढिगावर वर्षभराची चूल चालते, तोच ढीग पुढच्या वर्षाच्या पिकाला धोका ठरतो. छातीचा डॉक्टर आणि कृषी सहायक यांचे म्हणणे एकाच गंजीपाशी येऊन मिळते, ही योगायोगाची गोष्ट खरी. परंतु गावात बोलताना या मुद्द्याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा फुप्फुसाच्या चित्राचा होत नाही.

हिवाळ्यात परिस्थिती अधिक बिकट होते. मराठवाड्यातील थंडीच्या बातम्यांत परभणीचे नाव हमखास येते. अशा शांत, थंड पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, ती वर चढत नाही, आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुली, शेकोट्या व स्वयंपाकाच्या चुली यांचा धूर गावावर पसरून राहतो. ज्या घरात गॅस आहे त्या घरातील लोकही हाच धूर घेतात.

कायदा उंबरठ्याशी थांबतो

धुराविषयीचे कायदे आपल्याकडे नवे नाहीत. मुंबई इलाख्यात १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविषयीचा कायदा झाला होता. त्याचा रोख गिरण्या व कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्याचा येथे संबंधही नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४ व्या कलमान्वये कामगाराच्या श्वासात धूळ व धूर जाऊ नये याची तजवीज करणे मालकावर बंधनकारक झाले. भट्टीपुढे काम करणाऱ्या कामगाराला मिळालेले हे संरक्षण चुलीपुढे बसणाऱ्या त्याच्या पत्नीला मिळाले नाही. तिला मालक नाही.

१९८१ चा वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम मात्र वाचण्यासारखा आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य शासन प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून एखादे क्षेत्र वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. अशा क्षेत्रात मान्यताप्राप्त नसलेले इंधन वापरण्यास मनाई करू शकते. आणि मान्यताप्राप्त उपकरणाखेरीज अन्य उपकरण तेथील कोणत्याही जागेत वापरू नये, असा आदेशही देऊ शकते. शब्दशः पाहिले तर यात चूलही बसते. प्रत्यक्षात या कलमाचा उपयोग कारखाने आणि व्यावसायिक भट्ट्या यांच्यापुरताच राहिला. तेच योग्य झाले, असे आम्ही म्हणू. पर्याय हाती न देता पऱ्हाटीवर बंदी घातली असती, तर तिचा दंड सर्वांत गरीब घरातील स्त्रीलाच भरावा लागला असता.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेच्या गुणवत्तेची सुधारित मानके अधिसूचित केली. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी दर घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम ही त्यांतील मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली वार्षिक मर्यादा केवळ ५ आहे. परंतु ही भारतीय मानके परिसरातील, म्हणजे घराबाहेरील, हवेची आहेत. अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत केलेला आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील पायाभूत मानला जातो. स्वयंपाक करताना स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या हवेत त्यांना दर घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. त्यांनी लहान-मोठे सर्व कण मोजले होते, त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही त्यांतील अंतर लक्षात यावे.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही शहरेच आहेत. मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), जालना आणि लातूर यांचा त्यात समावेश झाला, परभणीचा नाही. कार्यक्रमाच्या भाषेत बोलायचे तर आपल्या जिल्ह्याला प्रदूषणाचा प्रश्नच नाही. परंतु त्याच वर्षी कर्क स्मिथ, सौरंग्शू चौधुरी, सागनिक डे आदी संशोधकांनी दाखवून दिले की देशातील घराघरांतून होणारे धुराचे उत्सर्जन पूर्णपणे थांबले, तर भारताच्या घराबाहेरील हवेची राष्ट्रीय सरासरीही ४० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली येईल. चुलीचा धूर उंबरठा ओलांडतो. कायदा तो ओलांडत नाही.

व्यावसायिक चुलीबाबत मात्र महाराष्ट्रात अलीकडे ठोस पाऊल पडले. मुंबईच्या हवेविषयी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पावाची किंमत आणि लाकडी भट्टीची चव यांवर बरीच चर्चा झाली. आपल्याकडेही महामार्गावर ‘चुलीवरचे मटण’ अशी पाटी असली की गाड्या थांबतात. त्या चुलीपुढे आठ-दहा तास कोण बसते, हे पाटीवर लिहिलेले नसते.

इतर देशांचा अनुभव

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर चार-पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले. त्या वेळी सुमारे ४,००० जादा मृत्यूंची नोंद झाली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत असावा असे म्हटले. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. नगरपालिकांना धूरनियंत्रण क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार मिळाला आणि घरातील शेकोटीच्या धुराड्यातून निघणारा धूरही प्रथमच गुन्हा ठरू शकला. या कायद्याचा उल्लेख आपल्याकडे पुष्कळदा होतो, पण त्यातील एक तरतूद सहसा सांगितली जात नाही. घरमालकाने जुनी शेगडी बदलण्यासाठी केलेल्या वाजवी खर्चाचे दहापैकी सात भाग स्थानिक संस्थेने त्याला परत द्यावयाचे होते. मनाईसोबत पैसे आले, म्हणून मनाई चालली.

डब्लिनने निराळा मार्ग घेतला. १ सप्टेंबर १९९० पासून तेथे धुरकट कोळसा जाळण्यावर नव्हे, तर विकण्यावर बंदी आली. निरीक्षकाला घरोघर जाण्याची गरज उरली नाही. शहराच्या हवेतील काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. श्वसनविकाराने होणारे मृत्यू आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू दोन्ही कमी झाल्याचे २००२ साली जाहीर झाले. पुढे झालेल्या पुनर्विश्लेषणात हृदयविकारातील घटीचे श्रेय बंदीला देता आले नाही, श्वसनविकारातील घट मात्र टिकून राहिली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील लॉन्सेस्टन या गावाने २००१ नंतर लोकांना अनुदान व माहिती देऊन लाकडाच्या शेगड्या बदलवल्या. अशी शेगडी वापरणारी घरे सुमारे ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली आणि हिवाळ्यातील हवा ठळकपणे सुधारली.

आपल्या बाबतीत डब्लिनची युक्ती चालणार नाही, कारण पऱ्हाटी कोणी विकत घेत नाही. जे दुकानात नाही, त्याच्या विक्रीवर बंदी कशी घालणार?

सुधारित चुलीपासून सिलिंडरपर्यंत

भारताने नियमनाऐवजी वाटपाचा मार्ग धरला. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ साली तो आटोपेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, ‘लक्ष्मी’सारख्या चांगल्या चुली विकसित केल्या. तरीही देशभरात बसवलेल्या चुलींपैकी फार मोठा भाग काही वर्षांत निकामी झाला. कारणे घरगुती होती. धुराड्याची नळी साफ करावी लागते, ती कोणी करावयाची हे ठरलेले नसते. पावसाळ्यात पाइपाच्या तोंडाशी छत गळते. चुलीचे तोंड अरुंद असले की फांद्या फुटलेली पऱ्हाटी आत जात नाही, मग ते फोडून मोठे केले जाते. ओडिशात काही हजार कुटुंबांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसले : पहिल्या वर्षी धूर कमी, नंतर देखभालीअभावी परिणाम शून्य.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. तिच्या आठ कोटी जोडण्यांचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या शेजारी, औरंगाबाद येथील कार्यक्रमात गाठला गेला. या योजनेने खेड्यातील स्वयंपाकघराचे रूप पालटले, हे निर्विवाद. स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांचे देशातील प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४३.८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाले. परंतु ही पाहणी घरातील मुख्य इंधन विचारते. दुसरी चूल तिच्यात दिसत नाही. सरकारी आकड्यांनुसार उज्ज्वला लाभार्थ्यांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला ३.०१ सिलिंडर होता आणि २०२३-२४ मध्ये ३.९५. पाच माणसांचे घर सर्वस्वी गॅसवर चालवावयाचे तर सात-आठ सिलिंडर तरी लागतात. उरलेली भूक चूल भागवते. चहा, भाजी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर; भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. अनुदान आणि २०२४ साली राज्याने जाहीर केलेली वर्षाला तीन मोफत सिलिंडरांची अन्नपूर्णा योजना यांनी भार हलका झाला, तरी सिलिंडरचे पैसे एकरकमी द्यावे लागतात आणि पऱ्हाटी दारात फुकट असते. तिच्या मोळ्या वाहण्याच्या श्रमाची किंमत कोणी धरत नाही.

येथे एका प्रतिकूल निष्कर्षाचीही नोंद घेतली पाहिजे. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे ३,२०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या ‘हॅपिन’ या चाचणीत निम्म्या घरांना गॅस मोफत पुरवला गेला. त्या स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कण सुमारे ७० वरून २४ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरले. तरीही, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही, आणि पुढे न्यूमोनियातही ठळक घट दिसली नाही. गॅस गर्भारपण सुरू झाल्यावर मिळाला होता, शेजारच्या चुली पेटतच होत्या, अशी काही स्पष्टीकरणे दिली जातात. आम्ही यावरून गॅस निरुपयोगी असे मानत नाही. चाळीस वर्षांत घडणारा आजार अठरा महिन्यांच्या चाचणीत मोजता येत नाही. मात्र एका घरात एक शेगडी दिली म्हणजे काम झाले, असे देणगीदारांना सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वस्तीतील बहुतेक चुली विझल्या पाहिजेत.

गावाचा नियम

म्हणून आमचा भर ग्रामसभेवर आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली सार्वजनिक आरोग्य हा गावाच्या कामकाजाचा विषय आहेच. गावाने स्वतःवर बंधन घालून घेतल्याची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. चराईबंदी टिकली, याचे कारण गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली होती. जनावरे उपाशी राहणार नाहीत हे आधी पाहिले गेले, नियम नंतर आला. चुलीबाबत हाच क्रम असावा.

प्रारंभ कोठून करावा, याविषयी आमचे मत बरेच ठाम आहे. आग पेटवण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर आणि चपलांचे तुकडे वापरण्यास गावाने आजच मनाई करावी; यात कोणाचेही नुकसान नाही, आणि उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या नियमांनीच बंदी घातली. शाळेचा पोषण आहार जेथे अद्याप लाकडावर शिजतो, तेथे प्रथम गॅस पोहोचावा. तेथे एक बाई शेकडो मुलांसाठी शिजवते आणि वर्गही त्याच धुरात भरतो. हॉटेले व लग्नकार्याच्या भट्ट्या गावठाणापासून दूर असाव्यात. अंघोळीच्या पाण्याची चूल स्वयंपाकघरातून अंगणात, शक्य तर गावाच्या सामायिक सौर बंबावर. बायोगॅस उत्तम, परंतु दुष्काळात जनावरे विकली जातात आणि संयंत्र कोरडे पडते, हा मराठवाड्याचा अनुभव विसरून चालणार नाही. विजेच्या शेगडीचेही भारनियमनामुळे तसेच आहे.

घरातील चुलीवर दंड मात्र ठेवू नये. ठेवावयाचीच असेल तर नोंद ठेवावी : कोणत्या घरी सिलिंडर कोणत्या महिन्यात संपला आणि पुन्हा केव्हा भरला. आशा कार्यकर्तीला ही माहिती सहज मिळते. रिकामा सिलिंडर दोन महिने कोपऱ्यात उभा असलेले घर म्हणजे पुढील हिवाळ्यात आमच्याकडे येणारे घर. अशा घरांपैकी ज्यांत सीओपीडीची रुग्ण, गर्भवती किंवा दोन वर्षांखालील मूल आहे, त्यांच्या भरणासाठी रुग्ण साहाय्य निधीतून मदत द्यावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. इनहेलरवर खर्च होणाऱ्या रकमेतील काही भाग सिलिंडरवर खर्च व्हावा, हे रुग्णालयाच्या हिशेबात विचित्र दिसेल. परंतु घरी चूल चालू असताना इनहेलरचा उपयोग निम्मादेखील राहत नाही, असे आमचे डॉक्टर सांगतात.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काही सूचना. सीओपीडी असलेल्या आई-आजीला चुलीपासून पूर्णपणे दूर ठेवावे. ‘फक्त दोन भाकरी’ हा अपवादही नको. सून त्याच चुलीपुढे बसणार असेल तर प्रश्न एका पिढीने पुढे ढकलला इतकेच, म्हणून भाकरीही गॅसवर शिकून घ्यावी. जाड तवा आणि मध्यम आच ठेवली तर ती चांगली फुगते. गॅस नसेल तोवर चूल उघड्यावर, जळण वाळलेले, आणि तान्हे मूल कडेवर घेऊन स्वयंपाक नाही. शेगडी उंच ओट्यावर व सिलिंडर खाली असावा, रबरी नळी वेळेवर बदलावी. पदर पेटून भाजलेल्या स्त्रिया चुलीकडूनही येतात आणि गॅसकडूनही.

गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, पालम या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. सिलिंडर गावी कुलपात राहतो आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत तीन दगडांवर स्वयंपाक होतो. कोपीला खिडकी नसते, भिंती पेट घेणाऱ्या असतात, आणि मूल त्याच धुरात झोपते. उज्ज्वला योजनेत मोठ्याऐवजी पाच किलोचा लहान सिलिंडर घेण्याची सोय आहे, आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा सिलिंडरही बाजारात उपलब्ध आहे. टोळी निघण्यापूर्वी मुकादमाकडे आणि गॅस वितरकाकडे त्याची चौकशी करावी. शेगडी कोपीच्या आत नव्हे, तर बाहेर आडोशाला मांडावी. ज्यांच्या घरी इनहेलर सुरू आहे, त्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी रुग्णालयात येऊन सहा महिन्यांचे औषध व तपासणीचा कागद सोबत न्यावा. कारखान्याच्या गावातील डॉक्टरला तो दाखवता येतो.